सोनाराच्या केरातलं बारीक सोनं: झारेकऱ्यांची रीत, पायरी पायरीने

पावसाळा सरला, वहाळ आटू लागले की सिंधुदुर्गात कुणीतरी मूठभर चमकती वाळू घेऊन सोनाराकडे येतंच. ती चमक बहुतेक वेळा अभ्रकाची असते. नखाने दाबलं की अभ्रकाचा पापुद्रा सुटतो, कण उन्हात फिरवला की चमक येते-जाते. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं आणि सुईने टोचलं तर फुटत नाही, दबतं. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्यांतही लोक सोनं शोधतात, पण ती वाळू मुख्यतः इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाची.

कारण जमिनीत आहे. रायगड-रत्नागिरीचा बहुतेक कातळ हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेसाल्टचा. या लाव्ह्यात सोन्याच्या शिरा होत नाहीत. देशातलं खाणीचं सोनं आलं ते कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीसारख्या त्याहून कितीतरी जुन्या खडकांतून. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, हट्टीची चालू आहे. झारखंडात सुवर्णरेखेच्या वाळूत आणि केरळात निलांबूरजवळ चालियार नदीत लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुऊन सोनं काढत आले. छत्तीसगढ-ओडिशाकडच्या एका समाजाचं नावच सोनझरा पडलं. कायद्याचंही बघावं लागतं. सोनं १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली येतं, किनाऱ्याला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे नियम, लागू आहेत आणि मोनाझाइट हे किरणोत्सारी खनिज असलेली किनाऱ्याची वाळू अणुखनिजांत मोडते. समुद्रावरून घमेलं भरून वाळू आणायची आणि धुऊन बघायची, हा छंद इथे करू नये.

मग कोकणात बारीक सोनं धुऊन काढायची विद्या होती कुठे? सोनारशाळेत. कानस चालली की कीस उडतो, झाळताना, म्हणजे सांधा जोडताना, कणी उसळते, पॉलिशच्या ब्रशवरून धूळ जाते, आणि हे सगळं केरात मिसळतं. तो केर ठरवून विकत घेणारे आणि धुऊन त्यातलं सोनं काढणारे ते झारेकरी. त्यांच्या हाताला जे कळत होतं ते थोडक्यात असं: बारीक सोनं निसटतं ते घाईमुळे आणि लहानमोठे कण एकत्र धुतल्यामुळे. चाळण, पाणी आणि वेळ एवढ्यावर बहुतेक सोनं हाती येतं. पारा लागत नाही. लहान दुकानाच्या सोनाराला हे काम स्वतःच्या पडवीत करता यावं, म्हणून पुढची रीत सविस्तर लिहितो आहे.

बारीक सोनं का निसटतं

शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, २२ कॅरटचा कीस साधारण साडेसतरा पट. साधी वाळू २.६५ पट, पॉलिशचं कुरुंद सुमारे ४, लोखंड ७.९. एवढा फरक असताना सोनं आपोआप तळाला बसायला हवं, आणि मोठा कण बसतोही. बारीक कणाची गोष्ट वेगळी. शांत पाण्यात कण किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या वजनाइतकंच त्याच्या आकारावर ठरतं, आणि आकार निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. हिशोब मांडला तर ०.०३ मिलिमीटरचा सोन्याचा कण आणि ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण जवळजवळ एकाच वेगाने बुडतात. दोघे एकाच काथवटीत, म्हणजे धुण्याच्या लाकडी परातीत, असतील तर वाळू काढून टाकताना ते सोनंही तिच्याबरोबर जाणार. म्हणून आधी चाळायचं, मग धुवायचं, आणि प्रत्येक चाळणीचा माल वेगळा धुवायचा. संपूर्ण कामातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

दुसरं कारण तेल. कानशीचा कीस चपटा असतो, त्याला बोटाचं तेल आणि पॉलिशचं मेण लागलेलं असतं. असा कण पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो आणि फेसाबरोबर काठावरून निघून जातो. जड वस्तू तरंगेल कशी, असं वाटून माणूस तिकडे बघतही नाही.

किती बारीक कणांचा हा मामला आहे तेही सांगतो. ०.१ मिलिमीटर बाजूचा शुद्ध सोन्याचा कण ०.०२ मिलिग्रॅमलाही भरत नाही. एक गुंज, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम, जमायला असे सहा हजारांवर कण लागतात.

केर गोळा कसा करायचा

चार डबे ठेवावेत आणि त्यांत कधीही मिसळ करू नये. पहिल्यात मेजावरचा आणि मांडीवरच्या कापडातला स्वच्छ कीस. हा धुवायचाच नसतो, चुंबक फिरवून सरळ मुशीत जातो. दुसऱ्यात जमिनीची झाडलोट, वापरलेला पॉलिश पेपर, जुनी पायपुसणी, हात पुसायची फडकी. तिसऱ्यात शेगडीची राख आणि फुटक्या मुशी. मुशीच्या आतल्या काचेसारख्या थरात सोन्याचे मोहरीएवढे मणी अडकलेले असतात, त्यामुळे मूस फेकू नये. चौथ्यात पॉलिश मोटरीखालचा गाळ आणि हात धुण्याच्या बादलीचा साका. कारागिराने दुपारी जेवायला उठताना आणि संध्याकाळी घरी जाताना हात त्याच बादलीत धुवावेत, नळाखाली नाही. पाणी रात्रभर निवळू द्यायचं, सकाळी वरचं अलगद ओतून टाकायचं आणि तळाचा साका डब्यात.

जुन्या सोनारशाळेची जमीन उकरली जात असेल, किंवा मातीची जमीन काढून फरशी बसवणार असाल, तर बसायच्या जागेखालची चार बोटं माती पोत्यात भरून ठेवा. शेणाने सारवलेल्या जमिनीत वर्षानुवर्षांचा कीस मुरलेला असतो, तिथे उकरण्याचे कष्ट सहसा वाया जात नाहीत.

कोकणात वेळेचंही गणित आहे. सर्वांत जास्त केर लगीनसराईत साठतो, आणि ती संपते तोवर पाऊस दारात येतो. पावसात केर नीट जळत नाही, वाळत नाही, डब्यात बुरशी धरतो. म्हणून झाकण घट्ट लावून डबे माळ्यावर ठेवावेत आणि हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की काढावं. शिमग्यानंतर वारा वाढतो आणि राख उडते, त्याआधी संपवलेलं बरं.

जाळणं

दुसऱ्या डब्यातला केर आधी जाळावा लागतो. जाळल्याने तेल-मेण जातं, कापड आणि कागदात गुंतलेले कण सुटतात. जाड लोखंडी घमेलं किंवा जुनी कढई घ्या, खाली करवंट्यांचा किंवा सोडणांचा (नारळाच्या सालींचा) मंद जाळ. जाळाने भडका घेऊ नये, कारण वर जाणाऱ्या गरम हवेबरोबर बारीक राख उडते आणि तिच्यात सोनंही असतं. वर सच्छिद्र पत्रा झाकावा. मधूनमधून लोखंडी सळीने हलवत, काळा कोळसा संपून फिकी करडी राख होईपर्यंत जळू द्यायचं. सोनं १०६४ अंशाला वितळतं, एवढी उष्णता इथे येत नाही, तेव्हा सोनं वितळेल ही भीती नको.

भीती आहे ती धुराची. अनेक वर्षं झाळण्यासाठी कॅडमियम वापरलं गेलं, केडीएम म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. कॅडमियम ३२१ अंशाला वितळतं आणि ७६७ अंशाला उकळतं, पण त्याची विषारी वाफ त्याच्याही आधीपासून निघते आणि फुप्फुसं व मूत्रपिंडं बिघडवते. जुन्या केरात ते असणार असंच धरून चालावं. म्हणून जाळणं घराबाहेर, विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब, वारा पाठीवर घेऊन करावं. मुलांना आणि गरोदर बाईला त्या वेळी आसपास येऊ देऊ नका. धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही, अंतर हाच खरा उपाय. प्लास्टिक आणि रबर आधीच निवडून काढा. केरात कधीकाळी पारा वापरला गेल्याचा संशय असेल तर तो केर अजिबात जाळू नये, बंद डब्यात तसाच रिफायनरीकडे द्यावा.

चुंबक, खल, चाळण

राख थंड झाली की पसरट ताटात पातळ थर करा. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी घाला आणि वरून सावकाश फिरवा. कानशीचा पोलादी चुरा, करवतीच्या पात्याचे तुकडे पिशवीला चिकटतील. ते दुसऱ्या ताटावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर काढला की सगळं खाली पडतं. त्या लोखंडावर पुन्हा दोनदा चुंबक फिरवा, कारण लोखंडाच्या गुंत्यात सोन्याचे कण उचलले जातात. लोखंड आधी काढायचं ते याचसाठी की तेही जड आहे, आणि शेवटी सोन्याबरोबर तळाशी राहून त्रास देतं.

मग खलबत्ता. राख, मुशीचे तुकडे, भट्टीतला काचेसारखा मळ हे सगळं कुटा. इथे सोन्याचा एक गुण कामी येतो: बाकीचं फुटून पीठ होतं, सोनं फुटत नाही, चपटं होतं. त्यामुळे कुटून रव्याच्या चाळणीने चाळलं की चाळणीवर चपटे पिवळे तुकडे उरतात. ते चिमट्याने उचलून बाजूला ठेवा. खाली पडलेलं मैद्याच्या चाळणीने पुन्हा चाळा. आता तुमच्याकडे दोन ढीग झाले, एक रव्याएवढा आणि एक मैद्याएवढा. मैद्याएवढ्या ढिगातून हवं तर ओल्या मलमलीने तिसरा ढीग काढा. कुटताना पडवीची दारं लावा, पंखा बंद ठेवा, तोंडाला फडकं बांधा.

धुणं

चौथ्या डब्यातल्या गाळात मेण असतं, म्हणून तोही आधी वाळवून आणि जाळून याच ढिगांत चाळून घालायचा. प्रत्येक ढीग रात्रभर रिठ्याच्या पाण्यात भिजवा. दागिने उजळायला सोनाराकडे रिठा असतोच. सात-आठ रिठे ठेचून बादलीभर कोमट पाण्यात, बी काढून. रिठ्याने पाण्याचा ताण मोडतो आणि तरंगणारा कण बुडतो. सकाळी हाताने चांगलं कालवा, फेस येईल तो चमच्याने काढून वेगळ्या वाडग्यात ठेवा, ओतून देऊ नका.

धुण्यासाठी आंब्याच्या किंवा फणसाच्या लाकडाची काथवट उत्तम. लाकडाच्या खरखरीत अंगाला बारीक कण धरून राहतो, स्टीलच्या परातीवरून तो घसरतो. काथवट नसेल तर गडद रंगाची प्लास्टिकची पाटी घ्या आणि आतून पॉलिश पेपरने हलकी घासून घ्या, तिच्यावर सोनं दिसतंही चांगलं. खाली मोठा टब किंवा दगडी डोणी हवीच. धुतलेलं सगळं त्यातच पडलं पाहिजे, थेंबही बाहेर जाता कामा नये.

काथवटीत एका वेळी दोन मुठी माल, त्याहून जास्त नको. काथवट पाण्याखाली पूर्ण बुडवा आणि बोटांनी गोळे फोडा. आता पाण्याखालीच तिला दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे झटके द्या, छोटे आणि जलद, पाण्याला भोवरा न देता. या झटक्यांनी आतला माल सैल होऊन पातळ होतो आणि जड कण खाली सरकतात. सुमारे वीस झटके झाले की थांबा, तीन श्वास घ्या. मग पुढची कड किंचित खाली करून काथवट वर उचला, म्हणजे पाण्याची एक पातळ लाट मालावरून पुढे जाईल आणि वरची करडी राख घेऊन टबात पडेल. एकच लाट. पुन्हा सपाट, पुन्हा झटके. नवशिक्या माणूस इथे सलग चार-पाच लाटा काढतो, कारण राख जाताना बघून बरं वाटतं, आणि मैद्याएवढं सोनं तिथेच जातं. लाटेआधी दर वेळी थर लावून घेतला पाहिजे.

माल दोन चमचे उरला की काथवट टेबलावर तिरपी धरून थोडं स्वच्छ पाणी घ्या आणि एका हाताने कडेवर हलक्या टिचक्या मारा. टिचकीसरशी काळा-करडा माल पुढे सरकतो आणि मागे, सर्वांत वरच्या कडेला, पिवळी रेघ उमटते. मैद्याच्या ढिगात ही रेघ सोनेरी नसून मळकट पिवळी, हळदीच्या डागासारखी दिसते. ती भिंगाने बघा. ड्रॉपरने ती रेघ पाण्यासकट ओढून काचेच्या छोट्या बाटलीत सोडा.

हात बसला की नाही हे तपासायची एक साधी युक्ती आहे. कोळ्यांच्या पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, घेराला ओवतात ती शिशाची गोळी घ्या, चपटी करून कात्रीने खसखशीएवढे तीस तुकडे करा आणि ते साध्या राखेत मिसळून धुऊन बघा. शिसं ११.३ पट, म्हणजे सोन्यापेक्षा बरंच हलकं. तीसच्या तीस तुकडे हाती आले तर त्या आकाराचं सोनं तुमच्या हातून जाणार नाही. एक-दोन जरी हरवले तरी केराला हात लावू नका, आणखी सराव करा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि ते तुकडे मोजून बाजूला काढा, सोन्यात जाऊ देऊ नका. शिशाने सोनं ठिसूळ होतं.

माती जास्त असेल तर पन्हळ

जमिनीची माती पोत्यांनी असेल तर काथवटीने आठवडे जातील. आगराला पाणी द्यायला पोफळीचं खोड चिरून जी पन्हळ करतात, तीच इथे उपयोगी पडते. सहा फूट पन्हळ घ्या, तळाला जाड विणीची घोंगडी अंथरा, तिच्यावर हातभर अंतराने काथ्याची दोरी आडवी बांधा. उतार फुटाला पाऊण इंचाच्या आसपास ठेवून बघा. वरून पाणी बोटभर खोलीने, न उसळता वाहिलं पाहिजे. माती आधी बादलीत कालवून, चाळून, मग मुठीमुठीने वरच्या टोकाला सोडायची. दोरीमागे जड माल थांबतो, घोंगडीच्या केसांत बारीक कण अडकतो. पाणी गढूळ चिकणमातीचं झालं की दाट होतं आणि कण बुडत नाही, त्यामुळे मातीचे गोळे पूर्ण फुटल्याशिवाय ती पन्हळीत सोडू नका. पन्हळीच्या टोकाखाली टब आणि तिथून परत वर, असं तेच पाणी निवळून फिरवता येतं.

शेवटी घोंगडी उचलून स्वच्छ पाण्याच्या टबात उलटी करून झटका, आणि त्या टबातला गाळ काथवटीत घ्या. जुनी फाटकी घोंगडी वापरली असेल तर काम संपल्यावर वाळवून जाळा आणि तिची राखही धुवा.

पारा आणि तेजाब

काही ठिकाणी याच टप्प्यावर पाऱ्यात सोनं गोळा करून, पारा उडवून सोनं ठेवतात. हे करू नका. पारा साध्या तापमानालाही उडत असतो, तापवला तर त्याची बिनरंगी, बिनवासाची वाफ बंद खोलीत भरते आणि थेट मज्जासंस्थेवर जाते. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. आणि धुण्याच्या पाण्यातला पारा वहाळातून खाडीत उतरला की तिथल्या गाळात त्याचं मिथिल पारा होतं, तो माशांत साठतो, मोठ्या माशांत जास्त. आपल्या ताटातली मासळी त्याच खाडीची आहे. पाऱ्याविरुद्धच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे.

तेजाबाचंही तेच. नत्राम्ल चांदी-तांबं विरघळवतं, सोनं ठेवतं, हे प्रत्येक सोनाराला ठाऊक असतं. पण त्यातून निघणारा तांबूस धूर श्वासात गेला तर त्या क्षणी फार काही वाटत नाही आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकतं. धूर ओढणारी व्यवस्था आणि उरलेलं पाणी निर्धोक करायची सोय ज्याच्याकडे आहे, ते काम त्याचंच. आपण धुऊन वितळवलेली गोळी रिफायनरीला द्यावी.

वितळवणं

बाटलीतली पिवळी रेघ पूर्ण वाळवा. ओला माल गरम मुशीत टाकला तर वाफेने उसळतो. वाळल्यावर पुन्हा एकदा चुंबक फिरवा, मग पातळ कागदावर घेऊन टाकणखाराची चिमूट मिसळा आणि कागदाची घट्ट पुडी करा. पुडी न करता सुटा कीस मुशीत घातला तर फुंकणीच्या किंवा गॅसच्या पहिल्याच झोताने अर्धं सोनं उडून जाईल. मुशीला आधी टाकणखार देऊन आतून काचेचा मुलामा करून घ्या, तो नसेल तर बारीक मणी खरखरीत भिंतीला चिकटून राहतात. पुडी ठेवा, ज्वाला आधी मंद आणि लांबून, कागद जळून टाकणखार फुगून बसला की जवळ. मळ पातळ होऊन वाहू लागला की मूस हळूच फिरवा, सुटे मणी एकमेकांत मिळतात आणि एक गोळी तयार होते.

ही गोळी शुद्ध नसते. वेगवेगळ्या कॅरटचा कीस, झाळण, चांदी, तांबं हे सगळं त्यात आहे. कसोटीवर अंदाज येईल, पण विकण्याआधी यंत्रावर तपासून कस लिहून घ्या. हिशोबाची एक वही ठेवा: केराचं वजन, गोळीचं वजन, कस. दुसऱ्या वर्षी केर विकायचा की धुवायचा, हे ती वही सांगेल. केर दुसऱ्याच्या दुकानातला असेल तर वजन आणि वाटणी आधी कागदावर, दोघांच्या सह्यांनी.

मुशीतला मळ थंड झाल्यावर कुटून एकदा धुवा, त्यात बारीक मणी राहतातच. टबात साठलेली धुतलेली राख मात्र लगेच टाकू नका. ती वाळवून तिची ओंजळभर पुन्हा काथवटीत घेऊन बघा. पिवळं दिसलं तर सगळी परत धुवायची. काहीच दिसलं नाही तरी ती पऱ्ह्यात किंवा आगरात माडाच्या बुंध्याशी ओतायची नाही, कारण कॅडमियम, शिसं, तांबं तिच्यातच उरलेलं आहे. झाकणाच्या डब्यात, वर तारीख लिहून ठेवा. अशी राख घेणाऱ्या रिफायनऱ्या असतात, आणि जे सोनं पाण्याने हाती आलं नाही ते तिथे भट्टीत निघतं. देण्याआधी राख चांगली कालवून तिचा एक नमुना स्वतःकडे, सीलबंद ठेवा.